हजेरीपटावरचे नाव

'फर्लो' हा शब्द मराठीला नवा नाही. इंग्रजी अमदानीत एखादा गोरा अंमलदार वर्ष-दोन वर्षांची लांब रजा घेऊन विलायतेस गेला, म्हणजे 'साहेब फर्लोवर गेले' असे कचेरीतील कारकून म्हणत. पुढे साहेब कायमचे गेले आणि शब्द तेवढा मागे उरला. मुंबई राज्याने १९५९ साली तुरुंगाविषयी जे नियम केले, त्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ठरावीक मुदतीने मिळणाऱ्या रजेसही हेच नाव मिळाले. साहेबाची रजा आणि कैद्याची रजा यांत जमीन-अस्मानाचे अंतर खरे. परंतु दोहोंत एक गोष्ट समान होती. रजा संपल्यावर परत कोठे जावयाचे, हे ठरलेले असे. साहेबाची खुर्ची कचेरीत आणि कैद्याची कोठडी तुरुंगात, दोन्ही त्यांची वाट पाहत असत.

एकविसाव्या शतकात हा शब्द पुन्हा कानांवर येऊ लागला, तो ही खात्री गमावून. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली आणि मुंबईसारख्या शहरात हजारो नोकरदारांच्या घरी एकाच दिवशी अंधार पडला. पुढच्याच वर्षी साथीच्या रोगामुळे २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानवाहतूकच बंद राहिली. जुलै २०२० मध्ये एअर इंडियाने बिनपगारी रजेची जी योजना काढली, तिची मुदत सहा महिन्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांपर्यंत वाढू शकत होती. पाच वर्षांची बिनपगारी रजा म्हणजे काय, हे वैमानिकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. प्रवाशांसह विमान चालवावयाचे तर मागील ९० दिवसांत त्याने निदान तीन वेळा विमान उडवलेले आणि तीन वेळा उतरवलेले असावे लागते. त्याची विद्या एका जातीच्या विमानाशी बांधलेली असते, आणि वापरली नाही तर कागदोपत्री ती शिळी होते.

वैमानिकांच्या या आपत्तीची वार्ता वृत्तपत्रांनी छापली, आणि ते योग्यच झाले. परंतु काम सुटण्याच्या इतिहासात अशी वार्ता ज्यांच्या वाट्यास येते, ते थोडे. कोणी कामावर होता, याची जेथे नोंद असते, तेथेच त्याला कामावरून काढल्याची नोंद होऊ शकते. ज्याची मुळात नोंदच नाही, त्याचे काम सुटले हे सांगावयाचे कोणी आणि कोणाला? हा प्रश्न सर्वांत स्वच्छपणे पाहावयाचा असेल, तर विमानतळ सोडून मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या भिलाई या पोलादी नगराकडे वळावे लागते. एका कारखान्यातून जन्मलेल्या या शहराने काम मिळण्याचे आणि सुटण्याचे जवळजवळ सर्व प्रकार दोन-तीन पिढ्यांत पाहिले.

त्याआधी कायद्याविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. कामगाराला तात्पुरते घरी बसवण्याला आपल्याकडे 'ले-ऑफ' हा इंग्रजी शब्दच रूढ झाला. १९५३ साली कापडाचे साठे साचून गिरण्यांच्या पाळ्या बंद पडण्याचा धोका उभा राहिला, तेव्हा केंद्र सरकारने प्रथम वटहुकूम आणि मग दुरुस्ती करून १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात एक नवे प्रकरण घातले. घरी बसवलेल्या कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळावी. कायमचे कमी केल्यास महिन्याची सूचना आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे. शेवटी आलेल्यास आधी काढावे, आणि पुढे जागा निघाल्यास काढलेल्यास आधी बोलवावे, अशी ती तरतूद. गिरणगावातील माणसाला तिचे मोल फार होते. तथापि तिच्या दाराशीच एक पहारेकरी उभा होता. भरपाई कोणाला? तर ज्याचे नाव हजेरीपटावर आहे आणि ज्याने सलग एक वर्ष नोकरी केली आहे, त्याला. बदली कामगार आणि नैमित्तिक कामगार यांना नाही. भरपाई हवी असेल तर घरी बसवलेल्या कामगाराने रोज एकदा तरी कामाच्या वेळी दारावर हजर व्हावे, असेही एक कलम होते. काम नाही हे ठाऊक असताना काम मागावयास जाणे, हा गिरणी कामगाराच्या आयुष्यातला एक विलक्षण विधी होऊन बसला.

आता भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा ही जागा ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूर होती. दुर्ग, राजनांदगाव, रायपूर हा सगळा मुलूख त्याच्याही आधी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेला. त्यामुळे कारखाना उभा राहू लागला तेव्हा विदर्भातल्या तरुणांना तो परमुलूख वाटला नाही. भिलाईला नोकरी लागणे म्हणजे आगगाडीने काही तासांवर असलेल्या जुन्याच शेजारात जाणे होते.

पायाखोदाईच्या काळात मात्र आसपासच्या छत्तीसगढी शेतकऱ्याचे मन या प्रचंड कामाला बिचकत होते. भट्टीच्या पायात माणसांचे बळी देतात, अशी वदंता खेड्यापाड्यांत पसरली होती. ज्यांच्या जमिनी कारखान्याखाली गेल्या, त्यांतल्या पुष्कळांना लोखंडापेक्षा भाताचा भरवसा अधिक वाटे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पाहता पाहता हे मत पालटले. सेक्टरातील पक्के घर, मुलांना शाळा, आजाऱ्याला रुग्णालय, महिन्याच्या ठरल्या दिवशी पगार: एवढे सगळे एका नोकरीबरोबर येते, हे शेजाऱ्याच्या घरी दिसू लागल्यावर भातावरची निष्ठा किती टिकणार?

परंतु कारखाना बांधणारे आणि कारखाना चालवणारे यांत फरक असतो. भट्टी पेटली की माती उपसणाऱ्यांची गरज संपते. भिलाईतली पहिली कामगारकपात ही अशी आनंदाच्या प्रसंगीच दडलेली होती. ज्या दिवशी उद्घाटनाच्या कमानी उभ्या राहिल्या, त्या दिवसापासून कंत्राटदारांकडील बिगारी, गवंडी आणि डोक्यावर टोपली वाहणाऱ्या बायका यांचे दिवस मोजले जाऊ लागले. काही विस्ताराच्या पुढच्या टप्प्यावर लागले, काही दुसऱ्या धरणावर वा दुसऱ्या कारखान्यावर गेले, आणि अनेक जण पेरणीच्या सुमारास गावी परतले. बांधकामात तयार झालेली माणसे विखरू नयेत म्हणून १९६४ साली हिंदुस्थान स्टीलवर्क्स कन्स्ट्रक्शन ही सरकारी कंपनी निघाली. हेतू चांगलाच होता. पण पुढे मोठे पोलाद कारखाने बांधण्याचेच काम आटले, कंपनी कर्जात बुडाली, आणि नाव हजेरीपटावर असून हाताला काम नाही अशी उलट अवस्था तिच्या कामगारांच्या वाट्यास आली. २०१७ मध्ये दुसऱ्या एका सरकारी बांधकाम कंपनीने तिचा ताबा घेतला.

भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज येते ते दक्षिणेस सुमारे ८०-९० किलोमीटरवरील दल्ली-राजहरा येथील खाणींतून. या खाणींत शेकडो नव्हे, आठ-दहा हजार माणसे कंत्राटदारांच्या नावावर राबत. काम बहुधा जोडीने होई. नवरा घण घालून दगड फोडी आणि बायको तो वाहून ढीग रची. मजुरी ढिगाच्या मापावर मिळे. पोलाद सरकारी, खनिज सरकारी, पण ते काढणारा माणूस मात्र सरकारी नव्हे, अशी ही व्यवस्था होती.

१९७७ च्या मार्चमध्ये या कामगारांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला आणि आणीबाणीच्या तुरुंगवासातून सुटून आलेल्या शंकर गुहा नियोगी यांना पुढारपण दिले. नियोगी मूळचे बंगाली. साठीच्या दशकात ते भिलाईच्याच कोकभट्टीवर कामाला होते आणि संघटनेच्या खटपटीमुळे तेथून काढले गेले होते. कामावरून निघालेला माणूस सामान्यतः दुसरे काम शोधतो. यांनी आदिवासी भागात दगडाच्या खाणीवर मजुरी केली आणि भिलाईच्या पोलादाची दुसरी, न दिसणारी बाजू पायथ्यापासून पाहून घेतली.

संघाच्या पहिल्या मागण्यांत पावसाळ्यापूर्वी झोपड्यांच्या डागडुजीसाठी बांबू-बल्लीचा भत्ता मिळावा, ही एक होती. मागणी केवढी, तर शंभर रुपयांची. २ आणि ३ जून १९७७ रोजी झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात अकरा माणसे मेली. सहा वर्षांनी, त्याच ३ जून या तारखेस, कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या श्रमांतून उभारलेले रुग्णालय सुरू झाले. त्याला त्यांनी 'शहीद' हे नाव दिले.

पण या संघटनेची खरी कसोटी लागली ती यंत्राच्या प्रश्नावर. १९७८ च्या एप्रिलमध्ये बस्तरमधील बैलाडिला खाणींवर यांत्रिकीकरणामुळे कंत्राटी कामगारांच्या कपातीचा प्रश्न पेटला, किरंदुल येथे गोळीबार झाला आणि हजारो मजूर तेथून पांगले. राजहऱ्यातील कामगारांना आपले भविष्य जणू शेजारच्या आरशात दिसले. अशा वेळी बहुतेक संघटना 'यंत्र नको' एवढेच म्हणतात. ते समजण्याजोगेही आहे. राजहऱ्याच्या संघाने निराळा रस्ता धरला. त्याने खर्चाचा हिशोब मांडला, खनिजाच्या प्रतीचा हिशोब मांडला, आणि कामाचे काही टप्पे यंत्राकडे व काही हातांकडे ठेवणारी अर्ध-यांत्रिकीकरणाची योजना व्यवस्थापनापुढे ठेवली. यंत्र आल्यावर प्रथम बाईचे काम जाते, कारण जोडीचा हिशोबच मोडतो, हे या माणसांना पुस्तके न वाचता ठाऊक होते. दल्लीच्या खाणींतील पूर्ण यांत्रिकीकरण त्यांनी बरीच वर्षे थोपवून धरले.

काम जाण्याचे संकट अंगावर आल्यावर धीर कसा धरावा, याविषयी जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. काम जाण्याआधीच त्याचा हिशोब मांडणारी माणसे विरळ. आणि ती शाळेत फारशी न गेलेल्या खाणकामगारांत निघावीत, याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. मजुरी वाढली तेव्हा ती दारूच्या दुकानात जाऊ नये म्हणून याच संघाने दारूबंदीची चळवळ चालवली. शाळा काढल्या. वाईट दिवसांसाठी साठवण करावयाची ती केवळ पैशांचीच नव्हे, हे त्यांना कळले होते.

१९९० च्या सुमारास ही चळवळ खाणींतून भिलाईत उतरली. मोठ्या कारखान्याच्या सावलीत आतापावेतो अभियांत्रिकी, सिमेंट, मद्यनिर्मिती असे अनेक खासगी कारखाने वाढले होते. त्यांत दहा-दहा वर्षे एकाच यंत्रावर उभा असलेला माणूस कागदोपत्री कंत्राटदाराचा नैमित्तिक मजूर असे. कायद्याने वर्षातील २४० दिवसांच्या कामास सलग वर्ष मानले होते; म्हणून २४० दिवस भरू न देण्याची कला कंत्राटदारांनी जगभर साधली आहे, तशी ती येथेही होती. कामगारांच्या मागण्या तीन: कायमपणा, जगण्यापुरते वेतन आणि संघटनेचा हक्क. उत्तर मिळाले ते कामावरून काढण्याचे. हजारो माणसे कारखान्यांच्या दाराबाहेर पडली. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटेपूर्वी नियोगी भिलाईतील घरी झोपलेले असताना त्यांना गोळी घालण्यात आली. पुढे तेरा वर्षांनी, जानेवारी २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्यास जन्मठेप दिली. इतर आरोपी निर्दोष सुटले.

काढलेले कामगार थांबले नाहीत. १ जुलै १९९२ रोजी ते बायकामुलांसह भिलाई पॉवरहाऊस स्थानकावर लोहमार्गावर येऊन बसले. भिलाईत घडवलेले रूळ देशभर जातात. त्या दिवशी हे लोक ज्या रुळांवर बसले, त्यांच्याशी भिलाईचे नाते काही वेगळे सांगावयास नको. संध्याकाळी गोळीबार झाला. सोळा कामगार मृत्यू पावले. एक पोलीस अधिकारीही मारला गेला.

नंतरची वर्षे न्यायालयाच्या तारखांची. काढून टाकलेल्या माणसाची दाद 'मला का काढले' या प्रश्नाने सुरू व्हावी, अशी सामान्य समजूत असते. येथे ती त्याच्या एक पायरी अलीकडे सुरू होई: मी तेथे कामाला होतो, हेच आधी सिद्ध करावे लागे. कोणी कारखान्याचा जुना पास जपून ठेवलेला असे, कोणी विमा रुग्णालयाचे कार्ड, कोणी भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी. ट्रंकेच्या तळाशी घडी करून ठेवलेल्या अशा कागदावर एका माणसाची दहा वर्षे तोलली जात. ज्याच्याकडे तेवढाही कागद नसे, त्याची दहा वर्षे घडलीच नव्हती.

पोलाद आणि विमान यांची गाठ येथे न्यायालयातही पडलेली दिसते. मुंबईत एअर इंडियाच्या इमारतींत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगारांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारने ज्या कामातील कंत्राटी पद्धत बंद केली, त्या कामावरील कंत्राटी कामगार आपोआप मुख्य मालकाचा नोकर होतो, असा निकाल १९९६ च्या अखेरीस लागला. देशभरच्या कंत्राटी कामगारांनी त्यावर आशा बांधल्या. ३० ऑगस्ट २००१ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निर्णय रद्द केला. त्या दाव्यातील मालक होते स्टील अथॉरिटी, म्हणजे भिलाई कारखान्याचीही मालक संस्था. कंत्राट हा निव्वळ देखावा होता असे सिद्ध केले तरच कामगाराला मुख्य मालकाचा नोकर मानावे, आपोआप नव्हे, असे ठरले. म्हणजे सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा ट्रंकेतल्या कागदावर आले.

कारखान्याच्या आत कायम नोकरीत असलेल्यांचे काय झाले? त्यांना कोणी काढले नाही. १९८० च्या दशकात खाणी धरून साठ हजारांहून अधिक माणसे भिलाई कारखान्याच्या हजेरीपटावर होती; २०१० च्या सुमारास ती संख्या निम्म्यावर आली होती. एक दगड फेकला गेला नाही, एक घोषणा ऐकू आली नाही. १९९८ ते २००० या दोन वर्षांत स्टील अथॉरिटीला प्रचंड तोटा झाला, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना निघाल्या, लोक एकरकमी पैसे घेऊन घरी गेले, आणि निवृत्त झालेल्याची जागा भरावयाची नाही असा रिवाज पडला. रकमेतून कोणी घर बांधले, कोणी मुलीचे लग्न केले, कोणी दुकान काढले आणि वर्षभरात बंद केले. १४ जून २०१८ रोजी सुमारे ७० लाख टन क्षमतेचा विस्तारित कारखाना राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा पहिल्या कराराच्या सातपट पोलादाची सोय झाली होती. आतली पुष्कळशी कामे आता कंत्राटदारांकडे होती.

या कपातीत गेली ती माणसे नव्हेत, जागा गेल्या. बाप सन्मानाने निवृत्त झाला. त्याच्यामागे मुलाला जी जागा मिळावयाची, ती नाहीशी झाली. न लागलेली नोकरी सुटत नाही, म्हणून तिची भरपाई नाही, तिचा मोर्चा नाही, तिची तारीखही नाही. सेक्टरातल्या सुस्थित घरांनी याला आपल्या परीने उत्तर दिले. मुलांना अभियांत्रिकीच्या परीक्षांसाठी असे जुंपले की नव्वदीपासून भिलाई हे या परीक्षांतील यशासाठी देशभर नावाजलेले गाव झाले. २०१६ साली भिलाईच्या नावाने भारतीय तंत्रज्ञान संस्थाही सुरू झाली. ही मुले बंगलोरला गेली, पुण्याला गेली, परदेशी गेली. कारखान्याच्या कुंपणाबाहेरील वस्त्यांतल्या मुलांपुढे इतका लांबचा रस्ता नव्हता. त्यांतले पुष्कळ जण त्याच भट्ट्यांवर, त्याच कामावर, निराळ्या रंगाचा पास घेऊन आणि बापाच्या वा शेजाऱ्याच्या पगाराच्या लहानशा हिश्श्यावर रुजू झाले.

१९५३ ची ती तरतूद ज्या कायद्यात होती, त्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. मोठ्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते, ती मर्यादा पूर्वी शंभर कामगारांची होती, ती आता तीनशेची झाली. कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत द्यावी, अशी एक नवी सोयही तीत आहे. घरी बसवलेल्या कामगाराने रोज दारावर येऊन हजेरी देण्याचे कलम तसेच आहे. आणि भरपाई कोणाला, या प्रश्नाचे उत्तरही गिरण्यांच्या काळातले शब्द घेऊनच दिले आहे: बदली वा नैमित्तिक नसलेल्या, आणि हजेरीपटावर ज्याचे नाव आहे अशा कामगाराला.